गुलाबाचे शेजारी

गुलाब हे मुंबईचे फूल नव्हे. असे म्हटले की लोक हसतात, आणि त्यांचे हसणे वाजवीच आहे. दादरच्या फुलबाजारात भल्या पहाटे गुलाबाच्या जुड्यांचे ढीग लागलेले असतात. लग्नघरी गुलाबदाणी लागते, सत्काराला गुच्छ लागतो, आणि रुसवा काढायलाही गुलाबच लागतो. पण हे सगळे गुलाब पाहुणे आहेत. कोणी नाशिकहून आले, कोणी पुण्या-तळेगावाकडून. मुंबईच्या मातीत एक झाड रोवावे आणि जून ते सप्टेंबर असे चार महिने त्याच्या उशाशी बसून काढावेत, म्हणजे मी काय म्हणते ते ध्यानी येईल.

गुलाबाच्या मागण्या तशा फार नाहीत. दिवसाकाठी सहा तास ऊन, पायाशी न साचणारे पाणी, पानांतून खेळणारा वारा. आमच्या उपनगरात चार महिन्यांत नव्वद-शंभर इंच पाऊस कोसळतो आणि सूर्यनारायण आठ-आठ दिवस तोंड दाखवीत नाही. पान सलग सात-आठ तास ओले राहिले की काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचा कण त्यावर रुजतो, ठिपक्याभोवती पिवळी झालर धरते, आणि आठ-दहा दिवसांत पान गळून पडते. ऑगस्टअखेर झाड म्हणजे काट्यांच्या चार काड्या. ज्याने गुलाब फक्त पुस्तकात पाहिला आहे, त्याला ते झाड गुलाबाचे आहे हे शपथेवर सांगावे लागेल.

आणि नेमक्या याच दिवसांत त्याचे शेजारी माजलेले असतात! आमचे घर आरे कॉलनीच्या कडेला आहे. बैठे, जुने, पुढे वीस बाय तीस फुटांचे अंगण असलेले. त्या अंगणात हेलिकोनिया आहे, सोनटक्का आहे, कर्दळ आहे, क्रोटन आहे, आळूची रांग आहे, आणि कोणी न लावता दर पावसाळ्यात उगवणारे पेव आणि रानहळद आहे. त्यांना पाऊस म्हणजे माहेर. गुलाबाचे एकेक पान गळत असते, त्या वेळी हेलिकोनियाचे पान हातभर लांब होऊन त्याच्या डोक्यावर छत्री धरते. आणि ही छत्रीच गुलाबाच्या जिवावर उठते, कारण तिच्याखाली वारा थांबतो, ओल राहते.

अशा दोन जातींना एका अंगणात ठेवावे की नाही, आणि ठेवायचे तर कोणी कोणासाठी किती आखडून घ्यावे, हा प्रश्न मला काही वर्षे पडलेला आहे. बागकामाची पुस्तके त्याचे उत्तर अर्ध्या पानात देतात. गुलाबासाठी दीड फूट उंच वाफा बांधा. तो पूर्वेला घ्या. रुंद पानांची झाडे चार-पाच हात दूर पश्चिमेला लावा, म्हणजे ती दुपारचे ऊन अडवतील पण सकाळचे सोडतील. कंदांची घुसखोरी थांबवायला मध्ये पत्रा पुरा. पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी करा, दीड-दोन महिन्यांत फुले येतील. हे सगळे बरोबर आहे, मी केलेही आहे. शेणखताला तर आमच्याकडे तोटाच नाही. हाकेच्या अंतरावर तबेले आहेत. पण पुस्तक कसे ते सांगते. असे का करावे, हे पुस्तकाला कोणी विचारलेले नसते.

मला ते विचारणे भाग पडले ते एका झाडापायी. आमच्या सासूबाई, म्हणजे माई, मूळच्या नाशिकच्या. मोगलांच्या अमलात त्या गावाला गुलशनाबाद म्हणत, हे त्या असे सांगत की जणू ते नाव त्यांच्याच घराण्याला मिळाले होते. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी माहेराहून गावठी गुलाबाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि या अंगणात लावली. फिकट गुलाबी, विसविशीत पाकळ्यांचे फूल. दिसायला बाजारातल्या गुलाबापुढे अगदीच गरीब, पण वास असा की ओटीवर बसलेल्याला कळावे. त्या पाकळ्या खडीसाखरेत घालून माई बरणी उन्हात ठेवीत आणि त्या गुलकंदाचा चमचा कोणाला मिळावा व कोणाला मिळू नये यावर घराचे राजकारण चाले. माई जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांचे दागिने वाटले गेले, पातळांच्या गोधड्या झाल्या. जिवंत असे त्यांचे एवढे एकच झाड राहिले आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसात ते मरणाच्या दारी गेले. माझा मुलगा म्हणाला, "आई, दर आठ दिवसांनी औषध मार. सगळे मारतात. नाही तर ते जाईल." शेजारच्या गृहस्थांचे मत अगदी उलट. "ताई, उपटा ते. हवा सोसत नाही त्या झाडाचे लाड कशाला? इथलीच झाडे लावा, आपल्या मातीतली." दोघेही मला आपले वाटणारे, दोघांचेही म्हणणे नेटके, आणि दोघांपैकी एकाचेही मला पटेना.

शेजाऱ्यांचा मुद्दा आधी घेते, कारण तो आजकाल फार ऐकू येतो. आपल्या मातीतली झाडे म्हणजे कोणती? दिवाळीला दाराला झेंडूचे तोरण बांधायचे ना? झेंडू मेक्सिकोचा. निशिगंध तिकडचाच. देवळाच्या आवारातला खुरचाफा मध्य अमेरिकेचा, कर्दळ अमेरिकेची, शेवंती चीनची, आरेच्या रस्त्यांवर सावली धरणारा पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा आणि मे महिन्यात पेटणारा गुलमोहर मादागास्करचा. गणपतीच्या लाडक्या जास्वंदीचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ साली ठेवले, त्याचा अर्थच मुळी 'चीनचा गुलाब' असा होतो! म्हणजे माझ्या अंगणात गुलाब आणि जास्वंद शेजारी उभे असतात तेव्हा शास्त्राच्या वहीत दोघांच्याही नावात गुलाबच असतो. पैकी एकाला आम्ही परका म्हणतो आणि दुसरीला देवाच्या मस्तकावर ठेवतो. 'गुलाब' हा शब्द तरी कोठला? फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. पाण्याचे नाव फुलाला चिकटले आणि आम्ही ते मराठी करून टाकले.

बरे, ज्याला आपण साहेबाचा गुलाब म्हणतो तो तरी निर्भेळ साहेब कोठे आहे? युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनचे गुलाब तिकडे गेले, त्यांच्या अंगी पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण होता. त्यांच्या संकरातून पुढे आजचे बागेतले गुलाब निपजले. 'ला फ्रान्स' नावाचा १८६७ सालचा गुलाब या नव्या पिढीचा आरंभ मानतात. फ्रान्सचे नाव लावणाऱ्या त्या फुलाच्या अंगात चीनचे रक्त होते. मूळचा कोण हे शोधायला निघालेला माणूस शेवटी कोठे पोचेल ते सांगवत नाही.

इथवर आले की पुष्कळांना हुशारी चढते. सगळेच जर कोठून तरी आलेले, तर मूळ आणि परके हा भेदच खोटा, ज्याला जे लावायचे ते त्याने लावावे, असे ते म्हणतात. हे ऐकायला उदार वाटते. पण आमच्या कुंपणाबाहेर चार पावले चालावे, म्हणजे तिथे घाणेरी भेटते. तीही अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या सरकारी बागेत आणली, कारण तिची फुले खरोखरच सुंदर असतात. बागेतून ती निसटली आणि आज देशभरच्या जंगलांत तिने खालचे गवत, रोपे, वेली गुदमरवून टाकली आहेत. तिला गुरे खात नाहीत. पाखरे फळे खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. झेंडूही परका, घाणेरीही परकी. दोघांचा गाव एकच. वागणे मात्र निराळे. झेंडू शेकडो वर्षांनीही पेरल्याशिवाय वाफा ओलांडीत नाही.

तेव्हा जन्मगाव विचारून काही साधत नाही, आणि न विचारूनही काही साधत नाही. मला वाटते, विचारायचे ते दुसरेच काही असते. हा येथे जगतो आहे त्याची किंमत कोण भरते आहे?

हा प्रश्न मला अंगणात सुचला असे म्हणवत नाही. तो आरेत राहून सुचला. ही सारी वसाहतच मुळी आणलेल्यांची आहे. मुंबईच्या भर वस्तीत म्हशींचे तबेले होते, घाण होती, दुधात पाणी होते. म्हणून दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली म्हशी शहराबाहेर गोरेगावच्या या डोंगरउतारावर आणायचे ठरले, आणि १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. म्हशी हरियाणाच्या आणि गुजरातच्या, गवळी दूरदूरचे, त्यांना घालायचे पॅरा गवत बाहेरचे, झाडे बाहेरची. तळ्याकाठच्या बागेला तर लोकांनी 'छोटा काश्मीर' असे नाव दिले! भर जुलैत तिथे छत्री घेऊन उभे राहावे आणि त्या नावाची मौज घ्यावी. मुंबईतल्या कित्येक पिढ्यांना दूध मिळाले ते या आणलेल्यांमुळे, हे मी विसरत नाही. लहानपणी बाटलीतले ते दूध मीही प्यालेले आहे.

पण ही जमीन रिकामी नव्हती. येथे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे होते. आजही आहेत, सत्तावीस पाडे सांगतात. वाघोबाला ते नारळ वाहतात आणि बिबट्या रात्री त्यांच्या दारावरून जातो. त्यांना कोणी आणले नाही. त्यांच्यावर मात्र आम्ही एकामागून एक येत गेलो. म्हशी आल्या, नोकरांच्या चाळी आल्या, १९७७ साली शेजारी चित्रनगरी आली. मग मेट्रोची गाडीशाळा आली. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री झाडांना करवत लागली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवीपर्यंत दोन हजारांवर झाडे आडवी झाली होती. त्या दिवसांत मोठमोठे लोक वाद घालीत होते, की हे जंगल आहे की नुसती लावलेली झाडे? जणू लावलेल्या झाडाची सावली पोटभाडेकरूची असते! पुढे २०२० साली सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन करण्याची घोषणा झाली. २०२४ साली मेट्रोही धावू लागली. त्या गाडीत मीही बसते, आणि ती सोयीची आहे. पण सोय माझी आणि तोडलेल्या सावलीचे ऊन दुसऱ्याच्या अंगणात, हा हिशोब त्या गाडीच्या गारव्यातही डोक्यातून जात नाही.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, परक्या भूमीवर पाय ठेवणाऱ्याला शत्रू म्हणून न वागवले जाण्याचा हक्क आहे. पण तो भेटीचा हक्क झाला, कायमच्या मुक्कामाचा नव्हे. आणि भेटीला म्हणून गेलेल्या युरोपियनांनी दुसऱ्यांचे देश कसे गिळले, हेही तो तेथेच खडसावून सांगतो. विचार मोठा आहे, पण माझ्या गुलाबाला तो पुरत नाही. कांटचा पाहुणा आपल्या पायांनी येतो. गुलाब आला नाही. त्याला माईंनी आणला. आपल्या पायांनी आलेल्याला 'परत जा' म्हणता येते. आणलेल्याला ते म्हणणारे आपण कोण? मला वाटते, आणलेल्याचा आणणाऱ्यावर हक्क असतो, आणि आणणारा गेला तर तो हक्क वारसांवर चालत येतो, जसे कर्ज येते तसा. म्हणून शेजाऱ्यांचे 'उपटा' मी ऐकले नाही.

पण मुलाचे 'फवारा' हेही ऐकले नाही, आणि ते अधिक जड गेले. त्याच्या बोलण्यात आजीवरची माया होती. मात्र दर आठ दिवसांनी मारलेले औषध पावसाने धुपते आणि आमच्या अंगणाच्या उतारावरून सरळ ओढ्यात जाते. ओढ्याच्या कडेला बेडकांची अंडी असतात, पाड्यावरची मुले चिंबोऱ्या धरतात. माईंचे देणे माझ्यावर आहे, बेडकांवर नाही. ते मी माझ्या कंबरेने फेडावे, रोज सकाळी वाकून डागी पाने वेचावीत, वाफा कोरडा ठेवावा, ओंजळ-ओंजळ जुने शेणखत घालावे. पण त्याची पावती ओढ्याच्या नावाने फाडू नये. मुलगा म्हणाला, "आणि एवढे करून गेले तर?" मी म्हटले, "तर गेले." हे म्हणताना माझा आवाज स्थिर होता असे मला वाटते. त्या रात्री झोप लागली नाही, ही गोष्ट निराळी.

आता दुसरी बाजू. गुलाबापायी मी हेलिकोनियावर कोयता चालवते, आणि याचा विचार करताना मन थोडे संकोचते. कोणाकडून काही न मागणारे, आपल्या बळावर वाढणारे ते झाड. त्याला पाणी नको, खत नको, माया नको. आणि अंगणात छाटले जाते तेच! घरातही असेच घडत नाही काय? रडणाऱ्या मुलाच्या ताटात तूप पडते, निमूट जेवणाऱ्याला ताटाबरोबर समजूतदारपणाचे प्रमाणपत्र मिळते. सगळ्यांना सारखे म्हणजे न्याय, असे म्हणावे तर अंगण चार वर्षांत हेलिकोनियाचे होईल. ज्याला गरज त्याला अधिक, असे म्हणावे तर निमुटांवर अन्याय. मी माझ्यापुरता मार्ग काढला आहे: त्याला छाटते ते पत्र्याच्या अलीकडे आल्यावरच, पलीकडे त्याने हवे तितके माजावे, मी बोट लावीत नाही. गुलाबाला आणखी थोडी हवा मिळाली असती, त्याला आणखी थोडी जागा मिळाली असती; दोघेही थोडे थोडे नाराज आहेत आणि मला ही व्यवस्था पुष्कळच बरी वाटते.

या देवाणघेवाणीतले एक धडधडीत शहाणपण मात्र मला पुस्तकात मिळाले नाही. पाड्यावरची एक बाई पावसाळ्यात रानभाजी घेऊन येते. टाकळा, कुर्डू, कधी शेवळे. एकदा ती हेलिकोनियासमोर उभी राहिली, त्याची लालभडक चोच निरखून म्हणाली, "ताई, याचं काय खातात?" मी म्हटले, "काही नाही गं बाय, नुसतं बघतात." ती हसली, पण कीव करून नव्हे. मग तिची नजर गुलाबाच्या वाफ्यात गेली. पहिला पाऊस नुकताच झाला होता आणि माईंच्या झाडाच्या बुडाशी, माझ्या त्या खतावलेल्या मातीतून, शेवळाचे तीन-चार जांभळट कोंब सुळकन वर आले होते. मी तण समजून खुरपे घेतलेले. "थांबा," ती म्हणाली, "वरचं मी नेते. कंद राहू द्या. पुढच्या सालाला परत येतो तो." आणि तिने बोटांनी, कंदाला धक्का न लावता, कोंब खुडले. दोन दिवसांनी काकडे घालून केलेली भाजी एका डब्यात आली. काकडे घातली नाहीत तर शेवळाने घसा खाजतो.

तो कंद माईंच्या काडीआधीपासून त्या जागी असणार. एवढी वर्षे गुलाब त्याच्या डोक्यावर उभा होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. आता त्या वाफ्यात मी खोल खणत नाही. शेवळे पाऊस लागताच येते, त्याचे कोंब पंधरवड्यात आटोपतात. गुलाब ऑक्टोबरनंतर जागा होतो. दोघांची जागा एक आहे, ऋतू निराळे आहेत.

गुलाबाच्याही घरात दलदल सोसणारा एक जण आहे, हे मला मागाहून कळले. रोझा क्लायनोफायला नावाचा रानगुलाब बंगाल-बिहारकडे नदीकाठी वाढतो आणि पुराच्या पाण्यात पाय बुडवून उभा राहतो. कोडाईकनालला एम. एस. वीरराघवन या गृहस्थांनी प्रशासकीय सेवा सोडून, पत्नी गिरिजा यांच्या साथीने, उष्ण मुलखात तगतील असे गुलाब तयार करण्यात आयुष्य घातले. त्यांनी संकरासाठी हा रानगुलाबही वापरला. मुलाने ही बातमी मोठ्या उत्साहाने आणली. "आई, असा एखादा लावू. माईआजीच्या झाडासारखी काळजी नको." लावू की. पत्र्याच्या अलीकडे, कुंपणाशी, एकाची जागा आहे. पण तो त्याच्या नावाने राहील, माईंच्या झाडाच्या बदली नाही.

सप्टेंबर सरत आला आहे. माईंच्या गुलाबावर या वर्षी पाने उरली आहेत चौदा, मागल्या वर्षी नऊ होती. खोडावर लालसर डोळे दिसू लागले आहेत. पत्र्याच्या खालून हेलिकोनियाचा एक कोंब यंदाही अलीकडे आला आहे. पाऊस उघडला की आधी तो काढायचा आणि मग छाटणी. पलीकडच्या इमारतीतल्या एका मुलीने तो कुंडीसाठी मागून ठेवला आहे. तिच्या गॅलरीला ऊन कमी येते, म्हणून तिला मी गुलाबाची काडी दिली नाही.